बाळ बघून झालं असेल तर

मी पाळणा बोलतोय. अख्ख्या पनवेल तालुक्यात माझ्याइतका जाणकार पाळणा दुसरा नाही. म्हणजे असेलही, मी कुठे बघायला गेलोय? जन्मभर कडीला टांगलेला, आणि शिक्षण काय ते अंगाईपुरतं.

उरणकडच्या एका गावात सुताराने मला सागाचा घडवला, सखूबाईच्या पहिल्या बाळंतपणासाठी. तिची चारही पोरं माझ्यात वाढली. खोड मात्र माझी जुनी. पोर झोपलं, बाई पाय न वाजवता निघाली, की नेमकं कुईं करायचं. तेव्हाचा बाईचा चेहरा बघण्यासारखा असतो. सखूबाईने मला खोबरेल पाजलं, एरंडेल पाजलं. मी सगळं पिऊन परत कुईं.

आता तिच्या धाकट्याचा, निकेशचा, खांदा कॉलनीत फ्लॅट आहे. तिथे हॉलच्या हुकाला मला लटकवलंय. निकेशची बायको हेतल कळंबोलीला माहेरी सव्वा महिना काढून बाळाला घेऊन आली, आणि माझा दरबार भरला.

माणसं मोठी गमतीची. येईल तो चपला काढतो आणि थेट माझ्यात डोकं घालतो. नाक बापाचं, कान आजोबांचे. त्या पोराचं स्वतःचं म्हणून काही ठेवतच नाहीत. एका काकांचा चष्मा माझ्यात पडला, तो मी दोन दिवस दुपट्याखाली दडवला. मग हेतलकडे वळून सगळ्यांचा एकच प्रश्न, दूध पुरतं ना? तिच्या ताटात अळिवाचा लाडू पडायचा तोही बाळाच्या नावाने.

मला भोचकपणाची हौस, म्हणून मी तिच्याकडे बघत बसायचो. टाक्यांवर हात ठेवून ती हळूहळू खाली बसायची. बाळ झोपलं तरी ती टक्क जागी. भांडी घासताना डोळ्यांतून पाणी, आणि कोणी आलं की लगेच हसणं. कसला हा खेळ, मला कळेना.

एका सकाळी ती निकेशला म्हणाली, मला बरं वाटत नाहीये. घरात धावाधाव. टोपडं आणा, फाईल आणा, रिक्षा बोलवा. आणि नेलं कोणाला? बाळाला! मुलांच्या डॉक्टरकडे वजन झालं, बाळ ठणठणीत निघालं. मंडळी खुशीत परतली. मागून हेतल, बाळाची पिशवी धरून. मी हसून हसून हुकावरून निखळणार होतो. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखूबाई आत बाळाला तेल लावत होती. हेतल माझ्यापाशी आली आणि मला रिकामाच हलवू लागली. रिकामा पाळणा हलवला की पोराच्या पोटात दुखतं, असं आमच्याकडे मानतात. मी मोठ्यांदा कुरकुरलो. सखूबाई तेलाच्या हातांनी, बाळाला काखोटीला मारून बाहेर.

"अगो, रिकामा पाळना हालवतेस? पोराचं पोट दुखंल ना."

"तो आत नसला की मला हलवता येतो, आई," हेतल म्हणाली. "तो असला की हात लावायची भीती वाटते. रोज रडू येतं. टाके ओढतात. आणि मी सांगितलं, तर तुम्ही त्याला नेलंत."

सखूबाईने बाळाला माझ्यात ठेवलं. मग तिने पदराला हात पुसून निकेशला फोन लावला. उद्या सुट्टी टाक, म्हणाली, हिला न्यायची हाय. पोराला नाय, हिला.

पुढचं मी हेतल बहिणीला फोनवर सांगत होती त्यातून ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, रक्त तपासायला दिलं, मग खुर्ची जवळ ओढून तासभर तिचंच ऐकलं. बाळंतपणानंतर असं पुष्कळजणींचं होतं, म्हणाल्या, आणि ते बरं होतं. आता गोळी सुरू आहे, दर आठवड्याला बोलायला जायचंय. दुपारी सखूबाई बाळाला घेऊन खाली सोसायटीत फिरते, तेवढी हेतल झोपते. अजून रडते कधीकधी, पण लपून नाही.

तर बाबांनो, बाळ बघून झालं असेल तर माझ्यातलं डोकं बाहेर काढा. आईलाही विचारा, तू कशी आहेस? आणि उत्तर येईपर्यंत बसा. मलाही हे उशिराच कळलंय. तिसऱ्या पोराच्या वेळी सखूबाई रोज दुपारी माझ्या दांड्याला डोकं टेकून रडायची. मी समजायचो, माझ्यावर जीव आहे हिचा.

काल हेतल गोळी घेत होती. सखूबाई बाळाला माझ्यात ठेवता ठेवता म्हणाली, "आमी चार बाळंतपनं काढली. आमाला काय नाय झाला."

हेतलने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"झालं असतं, तर सांगितलं कोणाला असतंत, आई?"