मालाकीचे लोणी

लाइट्रिम परगण्यातील एका डोंगरउतारावर, मालाकी गिलरेनच्या गोठ्यापुढे, रविवारची प्रार्थना आटोपताच मोटारींची रांग लागे. सातव्या पुत्राचा हा सातवा पुत्र. त्याच्या हाती उपजत गुण आहे, अशी सर्वांची श्रद्धा. रोझेशिया या त्वचारोगाने ज्यांचे गाल आणि नाक लालभडक होऊन पुटकुळ्यांनी भरत, ती माणसे त्याचे मंतरलेले लोणी नेत आणि थोड्याच दिवसांत उजळ मुखाने परतत.

"काय रे, दारुड्याचं लाल नाक गेलं तुझं!" रांगेत कोणी थट्टा करी.

"नाक गेलं, तहान आहे तशीच!"

मालाकी मात्र गंभीर. "आभार मानू नका. आत काय आहे ते विचारू नका. डॉक्टरला तर सांगूच नका. शब्द फुटला की गुण आटला!"

या मुलखात हा नियम पिढीजात होता. म्हणूनच तो कोणाला खटकला नाही; गावातल्या फिडेल्मालाही नाही. तिनेच भाची ग्रानियाला तेथे नेले होते. "डॉक्टरचं मलम महिनोन्महिने कोण चोपडत बसणार? हे लाव, पोरी."

ग्रानिया शाळेची बस चालवी. तिच्या गालांची लाली गेली, पण लोणी थांबवताच दुप्पट उसळली. मग तिने ते वाढवले, पापण्यांपर्यंत नेले. पुढे तिला दिव्यांभोवती वलये दिसू लागली.

"डोळ्यातला दाब वाढलाय," दवाखान्यात तिला तपासून डॉ. स्कॅली म्हणाल्या. "काय लावत होतीस?"

ग्रानियाने शेजारी बसलेल्या मावशीकडे पाहिले. "काही नाही."

त्या दोन शब्दांनी फिडेल्माचे काळीज चिरले. ही मुलगी आपल्याच शिकवणीपायी दृष्टी पणाला लावीत आहे! तिने पिशवीतील डबी काढून टेबलावर ठेवली. "हे, डॉक्टर. मीच दिलं."

तपासणीत लोण्यात तीव्र स्टेरॉइड निघाले. डॉक्टरांनी समजावले, "याने शिरा आकसतात, दाह दबतो, म्हणून चेहरा लगेच उजळतो. रोग तिथेच राहतो आणि मागाहून भडकतो. पापण्यांवर लावलं तर डोळाही जाऊ शकतो. खरं मलम सावकाश काम करतं. तो त्याचा दोष नव्हे."

पुढच्या रविवारी फिडेल्मा रांगेपुढे उभी राहिली आणि तिने सारे सांगितले.

"बोलली! आता गुण गेला!" मालाकी ओरडला.

"स्टेरॉइड घालतोस की नाही, तेवढं बोल, मालाकी."

तो खाली पाहत पुटपुटला, "थोडंसंच... मूळच्या गुणाला जोर यावा म्हणून."

फिडेल्मा रांगेकडे वळली.

"ग्रानियाच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती परत येणार नाही," फिडेल्मा म्हणाली. "बस आता दुसरा कोणी चालवतो. तिला इथं मी आणलं. ऐका माझं, जे विचारायला बंदी आहे ते अंगाला लावू नका. घरात डबी असेल तर आजच डॉक्टरला दाखवा."

मागून एक वृद्धा पुढे आली.

"फिडेल्मा, तुझा फोन दे जरा. काल लेकीला एक डबी देऊन आलेय मी."