पाचव्या दिवसाचा कंप

चनबसप्पांचा डावा हात हलायला लागला, तशी घरातली एकेक कामं त्यांच्याकडून प्रेमाने काढून घेण्यात आली. आधी कपबशी गेली आणि तिच्या जागी स्टीलचा पेला आला, तोही अर्धा भरून. मग दाढी गेली. ती दर रविवारी मुलगा संगमेश करू लागला. मग देवळातलं सोमवारचं प्रसाद वाटायचं काम गेलं, कारण खोबऱ्याचे तुकडे भक्तांच्या ओंजळीत पडायच्या ऐवजी भक्तांच्या पायांवर पडत होते आणि भक्त बिचारे पाया पडल्यासारखे वाकून ते उचलत होते.

"अप्पा, तुमी बसा." हे वाक्य घरात दिवसातून तीसेक वेळा म्हटलं जाई. चाळीस वर्षं चादरीचं दुकान चालवलेल्या माणसाला बसायची सवय असतेच. पण गिऱ्हाइकाची वाट न बघता बसायची नसते.

एकच काम उरलं होतं. पाणी.

त्यांच्या गल्लीत नळाला दर पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला पाणी यायचं आणि चाळीस मिनिटं राहायचं. आता पाणी पाइपात यायचं हे खरं, पण तिथून वर नळापर्यंत चढायची त्याला सवय नव्हती. म्हणून नळाला थेट मोटार लावायची. तशी लावायला बंदी होती, म्हणून घरटी एक होती. चनबसप्पांची अर्ध्या एचपीची मोटार संगमेशच्या लग्नाआधीची. बटण दाबलं की ती जागच्या जागी उड्या मारायची आणि सोडून दिली तर पाइप तोडून बाथरूमच्या दिशेने निघायची. तिला चाळीस मिनिटं दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. धरणाऱ्याचे हात हलत, खांदे हलत, गाल हलत, आणि काही बोललाच तर शब्दही हलत. त्या चाळीस मिनिटांत अख्ख्या सोलापुरात कुणालाही सांगता आलं नसतं, की यात मोटारीचं हलणं किती आणि चनबसप्पांचं किती. हे काम ते कुणाला देणार नव्हते.

अशात पट्टा आला. पुण्याच्या डॉक्टर विजयमाला मॅडम मेंदूच्या आजारांच्या. त्यांच्याकडे जायचं म्हणजे चार तास जायला, चार यायला, आणि मॅडमसमोर बसलं की हात पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्यासारखा गप. शेवटी मॅडमनी मनगटावर बांधायचा एक पट्टा दिला. दिसायला घड्याळ, पण वेळ दाखवत नव्हता. हाताची रात्रंदिवसाची हालचाल टिपायची, ती मोबाइलमधून पुण्याला पाठवायची, आणि तिथल्या कॉम्प्युटरने त्यातला कंप कुठला, ताठपणा कुठला, साधं काम कुठलं हे निवडून आजाराला शून्य ते चार मार्क द्यायचे, अशी व्यवस्था होती.

"मशीन लर्निंग म्हणतात याला, अप्पा," संगमेश पट्टा बांधता बांधता म्हणाला. "हजारो पेशंटचे हात बघून शिकलंय ते."

"कुठले पेशंट?"

"बाहेरचे. परदेशातले बी हायत."

"त्यांचं आपल्याला लागू पडतंय व्हय?"

"हात म्हणजे हात असतोय की, अप्पा. तुमी बसा."

दोन महिन्यांनी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. घरात संगमेश आणि चनबसप्पा दोघंच होते. चनबसप्पांच्या बायको दाक्षायणीबाई बहिणीकडे मैंदर्गीला गेल्या होत्या. मॅडमचा चेहरा गंभीर होता.

"काका, एरवी तुमचे मार्क दोनच्या आसपास आहेत. पण दर पाचव्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं कंप थेट चारवर जातोय. खरं तर चारच्या वर मार्क नाहीत म्हणून तो तिथे थांबतोय. असा पाच दिवसांचा फेरा मी अजून पाहिलेला नाही. त्या वेळी काय करत असता?"

चनबसप्पांना लगेच उमगलं. संगमेशला नाही, तो चिंचोळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला सहालाच घर सोडायचा आणि सुट्टीला उशिरा उठायचा. पाणी त्याच्या दृष्टीने घरात आपोआप भरलेलं असे.

"काय न्हाई," चनबसप्पा म्हणाले. "बसलेला असतो."

हे उत्तर फार महागात पडलं. हात कामात असताना हलला तर डॉक्टर थोडं सोडून देतात. नुसतं बसलेल्या माणसाचा हात इतका हलतो म्हटल्यावर मॅडमनी चष्मा काढला. गोळ्यांना दाद न देणारा कंप, त्या म्हणाल्या. पुण्याला दाखल व्हा, तपासण्या करू, आणि बहुतेक मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन करावं लागेल. कवटीला लहानसं छिद्र पाडतात. लहानसं हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

संगमेशने रजा टाकली आणि मॅडमनी पाठवलेला आलेख छापून आणला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेलेला असताना शेजारचे श्रीमंत नावाचे आबा समाचाराला आले. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि उभ्या मनोऱ्यांवरून बोट फिरवलं.

"तीन तारीख. आठ. तेरा. आन् हितं अठराला काय न्हाई, एकदम वीसला. चनबसप्पा, अठराला पाइप फुटला हुता, पाणी वीसला आलं! आरं, हा तुझा आजार न्हवं, आपल्या गल्लीचं टाइमटेबल हाय की!"

त्या दोन दिवसांच्या विलंबाला मॅडमनी कागदावर लाल गोल करून 'तात्पुरती सुधारणा' असं लिहिलं होतं.

"हळू बोल," चनबसप्पा म्हणाले. "कुणाला सांगू नको."

"का? मोटार जप्त करतील म्हणून? पुण्याची डॉक्टरीण तुझी मोटार न्यायला येती व्हय? माझ्या दोन हायत, मी भितो काय?"

"तेच कारण," चनबसप्पा म्हणाले. कारण मिळाल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात श्रीमंतांचे आभारच मानले.

"डोक्याला भोक पाडून घे, पर मोटार वाचव," असा आशीर्वाद देऊन श्रीमंत गेले. त्यांची कुजबूज साधारण तीन घरं ऐकू जाई. आतल्या खोलीत मैंदर्गीहून सकाळीच परतलेल्या दाक्षायणीबाई ज्वारी निवडत होत्या.

"व्हय हो," त्या आतूनच म्हणाल्या. "मोटार धरता म्हणून सांगायला काय जातंय?"

"जप्त झाली तर..."

"ते श्रीमंत भावजींना सांगा. मला न्हाई."

चनबसप्पांच्या मांडीवर हात हलत होता. त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला, तर दोन्ही हलायला लागले.

"सांगितलं तर काय म्हणतील?" ते शेवटी म्हणाले. "म्हणतील, अप्पा, तुमी बसा."

दाक्षायणीबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. संध्याकाळी त्यांनी संगमेशला मॅडमना फोन लावायला सांगितला आणि स्वतः पदर सारखा करून मोबाइलसमोर बसल्या. चनबसप्पा त्यांच्या बाजूला, ऑपरेशन आधीच झाल्यासारखे.

"मॅडम, हे बसलेले नसतात. मोटार धरतात."

"कुठली मोटार?"

मग पाण्याची, पाइपाची, उड्यांची सगळी हकिकत झाली. संगमेशचं तोंड उघडं राहिलं. मॅडमनी आलेख पुन्हा उघडला. ज्या हजारो हातांवर ते यंत्र शिकलं होतं, त्यांच्या गावी पाणी आपलं आपण वर येत असणार. पाण्यासाठी मोटार दाबून धरायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "ती चाळीस मिनिटं वगळून बघते."

त्यांनी ती वगळली. मनोरे गेले. उरला तो सपाट, कंटाळवाणा आजार: गेल्या महिन्यात एक पूर्णांक नऊ, या महिन्यात दोन पूर्णांक एक. संध्याकाळची गोळी तासभर आधी घ्या, म्हणाल्या. ऑपरेशन नको. दाखल व्हायलाही नको.

"आजार वाढलाय, पण हळू. ते मात्र खरंय, काका."

"व्हय," चनबसप्पा म्हणाले. ते त्यांना यंत्राच्या आधीपासून ठाऊक होतं.

"आणि आता त्यांना मोटारीजवळ पाठवू नका. वीज, पाणी, तोल जाण्याची भीती. घरात दुसरं कोणी आहे ना धरायला?"

चनबसप्पांनी जमिनीकडे पाहिलं.

"कुणी न्हाई," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

"अव्वा, मी पाळी बदलून..." संगमेश आईला म्हणू लागला.

"तुझी पाळी बदलत न्हाई."

"बदलतीया की. सुपरवायझरला नुसतं..."

"बदलत न्हाई, संगमेश." त्या मोबाइलकडे वळल्या. "सून शाळेत शिकवायला जाती. माझी कंबर धरलेली. मोटार अशी हाय, की दुसऱ्या कुणाला ऐकत न्हाई." एवढं बोलताना त्यांची कंबर ताठ होती, आणि पुण्यापर्यंत ती तशीच दिसत असणार.

मॅडमनी आधी संगमेशकडे पाहिलं, मग चनबसप्पांच्या हातांकडे. मग कागद पुढे ओढला.

"बरं. मोटारीचं अर्थिंग आधी तपासून घ्या. पायाखाली लाकडी फळी, हातात रबरी मोजे. काकांनी बसून धरायची, उभं राहून नाही, आणि शेजारी कोणीतरी हवंच. त्या वेळी पट्टा काढून ठेवायचा. आणि हळूहळू दुसऱ्या कुणाला तरी हे काम शिकवा."

चनबसप्पा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सरळ बसले.

"शिकवतो की, मॅडम," ते म्हणाले. "पर दोन-तीन वर्षं लागतील. पोराला अजून काय बी येत न्हाई."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.