पानाखालचा शब्द

सकाळी साडेसातला माझी लेक गुंडी मांडीवर दूध पीत होती आणि मी फोनवरचे वहीचे फोटो शेवटचे चाळत होते. बारा वाजता माझी तोंडी परीक्षा होती. एकतिसावा फोटो गेला, बत्तिसावा आला, आणि मी पुन्हा एकतिसाव्यावर गेले.

काय झालं ते नीट सांगते. मी मलय आणि इंडोनेशियन भाषा-संस्कृतीत एम.ए. करते. नातेवाइकांत याचं कौतुक कमी, चौकशी जास्त. "ती भाषा बोलणार कोणाशी तू?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर म्हणून फक्त हसते. माझा प्रबंध एका हस्तलिखित वहीवर आहे. वहीत एक लांबलचक काव्य आहे. चार-चार ओळींची कडवी, प्रत्येक कडव्यात चारही ओळींना एकच यमक. असल्या काव्याला ते लोक 'स्याइर' म्हणतात. लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे जाणारी. एक बाई तान्ह्या मुलीला सासूजवळ ठेवून, परत न आलेल्या नवऱ्याला शोधायला गलबतावर चढते, अशी गोष्ट. वहीची एकच प्रत, आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. पानांना आकडे नाहीत.

आकडे नसलेल्या वहीत लिहिणाऱ्याची एक सोय असते. पान संपलं की तळाशी, कोपऱ्यात, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतो. पानं सुटली, उलटसुलट झाली तरी शब्दाला शब्द जुळवून वही पुन्हा लावता येते. बरेच लेखनिक हा शब्द एकाआड एक पानाखाली लिहितात, आमचा लेखनिक काटेकोर होता, त्याने प्रत्येक पानाखाली लिहिला होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शिकवलेली ही गोष्ट: पान उलटण्याआधी पानाखालचा शब्द वाचायचा.

आणि मी काय केलं? मजकूर उतरवून घेताना तो शब्द गाळत गेले. पुढच्या पानावर तोच शब्द येणारच आहे, दोनदा कशाला टाईप करा? बाळ मांडीवर असताना माणूस एकेक बोट वाचवतं.

एकतिसाव्या फोटोत डाव्या पानाच्या तळाशी शब्द होता 'अनाकु'. माझं लेकरू. बत्तिसाव्या फोटोची सुरुवात होती 'लाउत'. समुद्र.

जुळत नव्हतं. मधली पानं मी घेतलीच नव्हती.

फोटोंची वेळ पाहिली. तिसाव्यापर्यंत दर दोन फोटोंमध्ये वीस-पंचवीस सेकंद. तिथून पुढे चार, पाच, चार. मला तो दिवस लख्ख आठवला. गुंडी चार महिन्यांची होती. सासूबाई तिला घेऊन वाचनकक्षाबाहेर बसल्या होत्या आणि तिचं रडणं दारातून आत येत होतं. माझा ब्लाऊज भिजला होता. मी भराभरा पानं उलटत सुटले, आणि चिकटलेली दोन पानं एकदमच उलटली असणार.

चूक एवढीच असती तर जीव असा टांगणीला लागला नसता. पण माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, चाळीस पानांचं, नेमकं त्याच जागेवर उभं होतं. एकतिसाव्या फोटोत बाई पहाटे धक्क्यावर येते. बत्तिसाव्यात ती भर समुद्रात असते. मुलीचा निरोप नाही, मुलीबद्दल अक्षर नाही. मी लिहिलं होतं की लेखनिकाने इथे जाणूनबुजून मौन धरलंय, कारण आईचा निरोप शब्दांत मावत नाही. प्रकरणाचं नाव 'निरोपाचं मौन'. ते वाचून मॅडमनी मला रस्त्यात थांबवून मिठी मारली होती.

तो शब्द पानाच्या कोपऱ्यात दहा महिने माझ्याकडे बघत होता.

"अगं, पोरगी कधीची सुटलीय, पदर तरी घे," सासूबाई म्हणाल्या. "काय झालं? तोंड का असं उतरलंय?"

"आई, आपल्याला लवकर निघायला हवं. दहाला ग्रंथालय उघडतं."

"परीक्षा बाराला ना?"

"माझ्याकडून दोन पानं राहिलीत."

"वाचायची?"

"बघायचीच."

त्यांनी गुंडीची पिशवी भरायला घेतली.

दहाला पाच कमी असताना आम्ही वाचनकक्षाच्या दाराशी होतो. तिथले काका कुलूप काढत होते. मी चिठ्ठी भरून पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी वाचली आणि मलाच परत दिली.

"वही बाहेर आहे."

"काका, ती वही बाहेर जात नाही."

"जात नाही. पण कालपासून ती तुमच्या बाहेरगावच्या परीक्षकांकडे आहे. विभागप्रमुखांची सही आहे, दाखवू?"

मी तिथल्या बाकावर बसले. या परीक्षकांचं विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव 'कात्री'. तीन वर्षांपूर्वी एकाचा अख्खा प्रबंध त्यांनी एका तळटीपेवरून कापला होता, अशी आख्यायिका. आणि आता वही त्यांच्याकडे. कालपासून.

"पाणी देऊ का?" काका म्हणाले.

"नको. काका, त्यांनी काही विचारलं?"

"बॅटरी मागितली. छोटी, खिशातली."

बॅटरी कशाला? पानं मोजायला? मला काही सुचेना. नोंदणी संपायला नऊ दिवस उरले होते. बाळंतपणासाठी एकदा मुदत वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळत नाही. नापास झाले तर दोन वर्षं पाण्यात, आणि पुन्हा सुरुवात करायला घरातलं कोणी हो म्हणणार नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही.

मॅडम अकराला आल्या. जिन्याखाली गाठून मी सगळं एका दमात सांगितलं, फोटो दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. त्यांचा चेहरा हळूहळू माझ्यासारखाच होत गेला.

"कोणाकोणाला बोललीस?"

"फक्त तुम्हाला."

"मीसुद्धा फोटो ताडून पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "प्रकरण इतकं सुंदर जमलं होतं..." मग आवाज खाली आणला. "हे बघ. विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर स्वतःहून तोंड उघडू नकोस. पास हो. मग आपण शांतपणे दुरुस्त करू."

"आणि त्यांनी पाहिलं असेल तर?"

"तर विचारतीलच. जा, पोरीला पाज आणि ये. केस नीट कर."

बाकावर गुंडीला पाजताना मी सारखी घड्याळाकडे बघत होते. तिने तोंड सोडलं आणि माझ्याकडे नाराजीने बघितलं.

"भीती उतरते दुधात," सासूबाई म्हणाल्या. "एवढं काय गं? खाणार आहेत का तुला?"

"आई, समजा एखादी गोष्ट चुकीची सांगितली आणि ती सगळ्यांना फार आवडली, तर?"

"तर ती गोष्ट लग्नात सांगतात," त्या म्हणाल्या. "माझ्या दिरांचं सगळं आयुष्य त्यावर गेलंय." मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "आण इकडे तिला. तू जा."

परीक्षेची खोली लहान होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचे तीन पेले. मॅडम खिडकीजवळ. समोर परीक्षक, किडकिडीत, बाह्यांची बटणं लावलेले. त्यांच्या उजव्या हाताशी मलमलीत गुंडाळलेली वही, आणि वहीवर ती खिशातली बॅटरी.

त्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. लिपी, शाई, काव्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकरणात दोन चुका दाखवल्या, दोन्ही खऱ्या होत्या. तिसऱ्यात गलबतांबद्दल विचारलं, तेव्हा मी बरं बोलले. मॅडमनी हलकेच मान हलवली. प्रत्येक प्रश्नाला वाटायचं, आता. आता मलमल सुटणार. पेल्यातलं पाणी संपलं, तरी मी पेला उचलत राहिले.

"चौथं प्रकरण," ते म्हणाले आणि पानं मिटली.



"हे मी दोनदा वाचलं. एवढ्या काव्यांतून मी फिरलो, पण मौनाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी परवानगी मागतो तुमच्याकडे. पुढच्या सत्रात माझ्या मुलांना हे वाचायला देईन म्हणतो."

एवढंच. त्यांना काही माहीत नव्हतं. मॅडमनी खिडकीतून नजर काढून माझ्यावर ठेवली आणि ती नजर स्पष्ट सांगत होती: आभार मान. गप्प बस.

मी आभार मानायला तोंड उघडलं. मला त्यांचा वर्ग दिसला. वीस-पंचवीस मुलं, खाली मान घालून, माझी चूक वहीत उतरवून घेणारी. त्यातलं एखादं पुढे शिक्षक होईल आणि आणखी तीस जणांना सांगेल की या आईने लेकराचं नावही काढलं नाही.

"सर, देऊ नका," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"वाचायला देऊ नका. ते मौन वहीत नाहीये. माझ्याकडून दोन पानं निसटली. पानाखालचा शब्द मी ताडला नाही. आज सकाळी लक्षात आलं."

मॅडमनी डोळे मिटले.

"त्या पानांवर काय आहे?" परीक्षकांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, ते जास्त भयंकर होतं.

"माहीत नाही. वही तुमच्याकडे होती."

त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली, मलमल सोडली आणि वही माझ्याकडे सरकवली. "शोधा."

मी पानं उलटत गेले. धक्क्याचं पान सापडलं. तळाशी तो शब्द. पुढचं पान कडेला चिकटलं होतं. मी नखाने अलगद सोडवलं, आणि दोन भरगच्च पानं उघडली. पहिलाच शब्द, 'अनाकु'.

"वाचा. अर्थ सांगत वाचा."

मी वाचायला लागले. आधी अडखळत. बाई धक्क्यावर सासूचा हात धरून बोलत होती. माझं लेकरू डाव्या कुशीवर निजत नाही, उजवीकडे वळवा. घास लहान करा, फुंकर घाला, ती फुंकर बघून हसते. संध्याकाळी उगाच रडते, तिला कशाचंही दुखत नसतं, दाराशी नेऊन उभ्या राहा. कान साफ करताना ओरडते, ओरडू द्या. मी गेले हे तिला सांगू नका, पाणी आणायला गेले म्हणा. अकरा कडवी. रडारड नव्हती, उपमा नव्हत्या. नुसत्या सूचना, एकामागून एक, एका दमात, जशा मी रोज दारात चप्पल घालताना देते. शेवटच्या कडव्यात गलबतावरून हाक येते, आणि ती म्हणते, अजून एक राहिलं.

काय राहिलं ते लिहिलेलं नव्हतं. पान तिथे संपत होतं. तळाशी शब्द होता 'लाउत'.

बाहेर गुंडी रडत होती, किंवा मला तसं वाटत होतं.

"कागद पाहायला घेतली होती मी वही," परीक्षक म्हणाले. "उजेडाला धरून. या पानापर्यंत पोचलोही नव्हतो." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "मार्गदर्शकांना माहीत होतं?"

मॅडमनी घसा साफ केला. "अकरा वाजल्यापासून. मी हिला गप्प राहायला सांगितलं होतं."

हे त्या बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"बाहेर थांबा," परीक्षक मला म्हणाले.

पंधरा मिनिटं थांबले. सासूबाईंनी गुंडी माझ्याकडे दिली. दार उघडलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर होती आणि तशीच मी आत गेले. कोणी हरकत घेतली नाही.

"चौथं प्रकरण रद्द," परीक्षक म्हणाले. "त्याशिवाय प्रबंध अपुरा पडतो, म्हणजे पास म्हणता येत नाही. नवं प्रकरण हवं, अख्खी वही शब्दाला शब्द ताडून. नोंदणी संपायच्या आत माझ्या हातात. नऊ दिवस. नाही आलं तर नापास, मी एक दिवसही वाढवणार नाही. जमेल?"

"हो," मी म्हणाले.

"विचार करून सांगा. अंगावरचं मूल आहे तुमचं."

"विचार केला, सर."

मॅडम दारापर्यंत आल्या. "उद्या दहाला वाचनकक्षात. एकेक पान दोघी मिळून ताडू," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. रागावल्या होत्या की नाही, अजून कळलेलं नाही.

"पास?" सासूबाई.

"अजून नाही. नऊ दिवस आहेत."

"परवा मी गावी जाणार होते."

"माहितीये, आई."

त्यांनी पदराने गुंडीचं नाक पुसलं, मग फोन काढला. "नणंदेला कळवते, नऊ दिवस उशिरा. बोलू दे तिला काय बोलायचं ते." फोन लागेपर्यंत त्या माझ्याकडे वळल्या. "पण त्या राहिलेल्या पानांत निघालं काय एवढं?"

मी सांगितलं. कुशीचं, फुंकरीचं, कानाचं. त्या ऐकत राहिल्या.

"शहाणी होती," त्या म्हणाल्या. "रडत बसली असती तर सासूला कसं कळलं असतं, पोरीला कसं निजवायचं?"

मी बाकावर बसले. गुंडी छातीशी लागली. पिशवीतून एका हाताने पेन काढलं आणि परीक्षेच्या सूचनापत्राच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: निघण्याआधी ही आई बोलते. रडत नाही, शिकवते. पुढचं वाक्य जुळवत मी कागद जवळ ओढायला वाकले.

"लिही तू," सासूबाई फोनवर हात ठेवून कुजबुजल्या. "हलू मात्र नकोस. आत्ताच डोळा लागलाय."