दगडावरचे दोन ठोके

देविदासला या कामातून मिळायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. 'प्रमुख अभियंता' ही पदवी, पेटंटवर नाव, आणि सात वर्षं 'हिंगोली नेमकी कुठंशी आली?' असं विचारणाऱ्या साहेबाच्या शेजारची खोली. त्याच्या बाजूनं खर्च काय, तर आठ दिवसांची गावाकडची चक्कर. तेव्हा तरी त्याला तसंच वाटलं.

त्याचा धंदा उजेडाचा. जमिनीखालच्या काचेच्या तारेतून उजेड संदेश घेऊन पळतो, आणि वर जमीन हादरली की त्या उजेडाला पीळ बसतो. बाकीचे सिग्नलवाले हा पीळ पुसून टाकत. देविदासनं तो वाचायचं ठरवलं. कुदळ कुठली अन् बैलगाडी कुठली हे प्रोग्रामला ओळखू आलं, की तार तुटायच्या आधीच कंपनीला खबर. फक्त त्याला शिकवायला जमिनीवर कुणीतरी हवं.

ते घरातच होतं. साखऱ्याजवळच्या तांड्यातले त्याचे वडील थावरा अकरा वर्षं त्याच तारेची राखण करत होते. रोज सकाळी सहा किलोमीटर चालायचे आणि प्रत्येक खुणेच्या दगडावर काठीचे दोन ठोके द्यायचे. इथवर येऊन गेलो, याची ती त्यांची हजेरी.

आठ दिवस थावरा हौसेनं राबले. कुदळ मारली, शेजारच्या सेवाचा ट्रॅक्टर चार वेळा फिरवून आणला. आता गाय चालली, आता एसटी, असं तारेवरून घरी लॅपटॉपपुढं बसलेल्या देविदासला फोनवर सांगत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे म्या हितं ठोकलं की तुला बंगळूरात कळतं?"

"व्हय, बा."

ही गोष्ट त्यांनी तांडाभर सांगितली. फोन तर उचलत न्हाई, ठोके बरे ऐकील, असा देविदासच्या आईनं, नानीबाईंनी, टोमणा मारला.

प्रोग्राम शिकला की राखणदार लागत नाही, एवढंच देविदासनं सांगितलं नाही. सांगायला आठ दिवस होते. काठीच्या ठोक्यांपुढं त्यानं शिरस्त्याप्रमाणं लिहिलं, 'निरुपद्रवी, गाळा.'

पोळा झाला अन् पदवी आली. त्याच आठवड्यात मुकादमानं थावरांचं राखणदारीचं पिवळं जाकीट परत नेलं. दिवाळीला देविदासला सवड झाली नाही.

संक्रांतीच्या सुमारास दुसऱ्याच तक्रारीसाठी त्यानं न गाळलेली नोंद उघडली. जाकीट गेल्यानंतरही तांड्याजवळच्या दगडावर रोज सकाळी दोन ठोके पडलेले होते. एक्केचाळीस दिवस. मग काहीच नाही. त्यानं घाबरून फोन लावला.

"बा, तब्येत बरी हाय ना?"

"मला काय धाड भरली? नोकरीचं काय न्हाई, देवा. तुला कळून राहिलं म्हणून ठोकत होतो. तू कधी इचारलं न्हाईस, मंग सोडून दिलं."

देविदासला खोली मिळाली, कंपनीला पेटंट, प्रोग्रामला अक्कल. भरणा सगळा थावरांचा, अकरा वर्षांची वाट आणि वर एक्केचाळीस सकाळी.