शेवटच्या राशीचं मीठ

धाकूशेठला एक खोड होती. कामाला हात घातला की बाकी जग गेलं खड्ड्यात. ठमाबाईचा अर्धा जन्म नवऱ्याच्या त्या खोडीशी भांडण्यात गेला.

त्या दुपारी ती खाली सोसायटीच्या हॉलमध्ये भजनाला गेलेली. वर बाराव्या मजल्यावर धाकू जुना डिजिटल कॅमेरा उघडून बसला होता, खिशात मावेल एवढासा. नात कल्पिताला तो कपाटात सापडला. कॉलेजातल्या पोरांना म्हणे आता मोबाईलच्या फोटोंचा कंटाळा आलाय, असले जुने कॅमेरेच हवेत. नौपाड्यातल्या दुकानदारानं मात्र हात जोडले. "खारं पाणी गेलंय आत. टाकून द्या."

टाकून कसा देणार? आत काय आहे ते धाकूलाच माहीत.

कल्पिता रांगत होती तेव्हाची गोष्ट. कोलशेतचं त्यांचं मिठागर बंद होणार होतं. शेवटची रास उभी होती, सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. ठमाबाई मडकं घेऊन आली. म्हणाली, "एवढं भरून द्या. पोरांची दृष्ट काढायला घरचं मीठ असू दे."

"फोटो काढतोय ना मी? फोटो जन्मभर राहील. मीठ काय, वाण्याकडं मिळतं."

तिला राशीपुढं उभी करून त्यानं फोटो काढला आणि दुसरा काढायला मागं सरकताना त्याचा पाय घसरला. कॅमेरा गेला खाऱ्या पाण्यात. मग काय, तो पुसा, तो पदरात गुंडाळा, घरी पळा. मडकं रिकामंच परत आलं. सकाळी ट्रक रास घेऊन गेला.

तेव्हापासून पोरांची दृष्ट काढताना पुडीतलं मीठ मुठीत घेऊन ठमाबाई पुटपुटायची, "या पिठासारख्या मिठानं कुणाची नजर निघते?" धाकू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण लागायचं त्याला. आज निदान तो फोटो तरी तिच्या हातावर ठेवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

लेन्सच्या कडेला आणि बॅटरीच्या खाचेत पांढरे खडे धरले होते. दात घासायच्या जुन्या ब्रशानं धाकूनं ते हळूहळू खरवडून वर्तमानपत्रावर पाडले. कागद बेसिनमध्ये झटकला आणि वरून नळ सोडला. स्पिरिटच्या बोळ्यानं आतला भाग पुसला. कल्पितानं नवी बॅटरी घातली. कुरकुर करत लेन्स बाहेर आली.

"आजोबा, भारीच हं."

म्हातारा हरखला. पण कार्ड काही उघडेना. कल्पितानं ते लॅपटॉपला लावलं, काढलं, पुसून परत लावलं.

"सडलंय हो आतून. गेले फोटो."

तेवढ्यात ठमाबाई आली. टेबलावरचा पसारा बघून काय ते समजली.

"तुझा तो राशीपुढचा फोटो बाहेर काढायचा होता गं यातून," धाकू म्हणाला. "नाही जमलं."

"जाऊ द्या. मना कुठं फोटू पायजे होता?" तिनं कॅमेरा उचलून उलटासुलटा पाहिला. "इतकी वर्षं आत कशानं अडलेला?"

"मिठानं. खडे धरले होते आत. चांगलं चिमूटभर निघालं."

"आपल्या राशीचं?"

इतका वेळ धाकू ज्याला घाण समजून खरवडत होता, ते काय होतं हे त्याला आत्ता कळत होतं.

"कुठं ठेवलंत?"

त्यानं बेसिनकडं पाहिलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि दोन्ही वेळेला त्याच्याच हातानं.

ठमाबाई बेसिनपाशी गेली. तिनं ओल्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"साबण," ती म्हणाली. बोट पदराला पुसून ती चहा ठेवायला आत गेली.