कॅरमवरचं हॉलंड

“आई, तू तिला नको म्हणून सांग. माझं नाय ऐकत, तुझं ऐकेल.” वैभवने फोन माझ्या हातात कोंबला.

फोनच्या पडद्यावर माझी नात अक्षदा होती, हॉलंडात रॉटरडॅमच्या तिच्या स्वयंपाकघरात. तिथे पाच वर्षं राहिलेल्या परक्या माणसालाही शहराच्या निवडणुकीला उभं राहता येतं. भाडी आवाक्यात ठेवा म्हणणाऱ्या एका छोट्या पक्षाने तिला विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“टोकाचा पक्ष आहे. तिथली माणसं असल्यांना वेडे म्हणतात,” वैभव म्हणाला.

“वेडे नाही पप्पा, डावे.”

“तेच ते. उद्या कंपनीने काढलं म्हणजे?”

मला काही उमजेना. गिरणी संपाच्या वर्षी लालबागच्या याच चाळीत, गॅलरीतल्या पिंपावर कॅरम ठेवून माझे यजमान लवू सोंगट्या मांडायचे. कोण मालकाकडे, कोण आपल्याकडे, ते बायकांनाही कळायचं.

“कॅरम काढ,” मी म्हटलं.

“आता खेळ सुचतोय तुला?” असं म्हणत का होईना, वैभवने काढला.

अक्षदा सांगत गेली, मी मांडत गेले. बाहेरच्यांना दार बंद करा म्हणणारे उजव्या कडेला. त्यांच्या अलीकडे धंदेवाले. तिथे एकट्याला बहुमत कधी मिळतच नाही, त्यामुळे सगळ्यांशी जमवून घेणारे मध्ये, आणि त्यांनाच भाव. अक्षदाची सोंगटी पार डावीकडे, पॉकेटला टेकलेली.

“एक धक्का, की आत,” वैभव म्हणाला.

“आणि मी कुठे गं?” माझं म्हणणं फार नाही. घर राहणाऱ्याचं. कारखान्याला टाळं लावायचं तर आधी कामगाराला विचारायचं. आलेल्याला जेवायला घालायचं, गाव मग विचारायचं.

अक्षदा हसली. “आजी, तू बोर्डावरच नाहीस. माझ्याही डावीकडे, बाहेरच्या लाकडावर बसलीयस.”

“असं? मग मी मध्ये बसते.” राणी उचलून मी मधल्या गोलात ठेवली आणि सगळ्यांना हाताने उजवीकडे रेटलं. अक्षदाची सोंगटी राणीच्या उजव्या हाताला आली. जमवून घेणारे कडेला गेले, धंदेवाले पॉकेटात, आणि दार बंद करणारे टणकन लादीवर.

“म्हणजे तुझ्या हॉलंडात मी उजवी,” अक्षदा म्हणाली. “ आमच्या मीटिंगला सांगते, आजीपुढे तुम्ही सगळे शेठजी.”

आम्ही दोघी हसलो. वैभवने लादीवरची सोंगटी उचलून पुन्हा बोर्डावर ठेवली, अगदी राणीसमोर.

“ही अशी जात नाय, आई. बाबांनी पण असंच मांडलं होतं. आपण मध्ये, मालक कडेला. मी सहावीत होतो. शाळेतून यायचो तर बाबा आपले दारात बसलेले. संप संपला, तरी ते उठले नाहीत.”

वैभव खोटं बोलत नव्हता. मोर्चाला रस्ता भरून माणसं असायची, सगळी आमच्याच मताची. आम्हाला वाटलं जग तेवढंच. पुलापलीकडे, बाकीच्या शहरात, आम्ही टोकाचे होतो, हे लवूंना कळलं तेव्हा गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला होता.

“अक्षदा,” मी म्हटलं, “हरशील.”

“माहितीये.”

“लोक तोंडावर दार लावतील. नाव वाचून हसतील.”

“माहितीये, आजी.”

“तर मग राहा उभी.”

वैभवने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं, बंद करणार. तो गॅलरीत गेला. खाली मसाला कुटायचा डंक धाडधाड चालला होता, त्यामुळे त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

“दारोदार फिरशील तेव्हा कानटोपी घाल. एकटी जाऊ नकोस. कोण काय बोलला तर उलट बोलायचं नाय, पुढच्या दाराला जायचं.”

बराच वेळ तो तिला सांगत राहिला. आत येऊन त्याने सोंगट्या डब्यात भरल्या. मी आम्हा दोघांना वाढलं. खाली मान घालून तो जेवला, आणि उठताना त्याने माझंही ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.