सासूबाईंच्या डोक्यातलं

सासूच्या डोक्यात काय चाललंय, हे आजवर कुठल्या सुनेला कळलंय? हिला मात्र ते पडद्यावर दिसत होतं. ऑपरेशन चालू असताना मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत कॅमेऱ्यातून दाखवणं हेच तिचं काम, आणि आज टेबलावर सासूबाई होत्या.

एका रक्तवाहिनीला द्राक्षाएवढा फुगा आला होता. डॉक्टर त्याला चिमटा लावायला वाकले.

"तिथे नको," ती म्हणाली. "लाल दिसतंय, म्हणजे भिंत पातळ आहे. जरा खाली घ्या, पांढरट भागावर." भाजीवाल्याला सांगावं, तसा कोरडा आवाज.

चिमटा खाली बसला. फुगा फिका पडला, फुटला नाही.

बाहेर येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा नवरा ऐकता ऐकता रडला. तिला काहीच होईना, जणू भूल तिलाच दिली होती.

"तूही रड की, मोकळं वाटेल."

"आधी त्यांना शुद्धीवर येऊ दे. उठल्या उठल्या कवळी मागतील."

ऑपरेशनला आत जाताना सासूबाईंनी कवळीची डबी तिच्या हातात दिली होती. "सांभाळ गं. तुझा काही भरवसा नाही." एक हात मशीनवर, दुसरा खिशातल्या त्या डबीवर, असंच तिने सगळं ऑपरेशन काढलं होतं. बोटं अजून सुटत नव्हती.